पोटावरचा टिळा

एका घराला एकच दाखला. जमीन प्रकल्पात गेली की घरातल्या एकाला नोकरी लागावी म्हणून सरकार एक कागद देतं, तो दाखला. आम्ही तीन भावंडं आणि कागद एक. तो मी वापरला. माझी नोकरी गेली की कागदही संपला. उलव्याच्या खाडीकाठची भातशेती तर आधीच संपली होती. माझी आय, शांती तिचं नाव, रोज डबा भरताना तेच सांगायची, "जीवन, सायबाला उलट बोलू नको. दाखला आपला एकच हाय."

त्या कागदावर मला मिळालं काय, तर माळीकाम. पनवेलच्या पुढे, कर्नाळ्याच्या अलीकडे, एका रसायनाच्या कंपनीचं गेस्टहाउस आहे. तिथे मी जून सत्त्याण्णवमध्ये लागलो, तोही हंगामी. तीन महिन्यांची ऑर्डर, मग दोन दिवस घरी, मग पुन्हा तीन महिन्यांची. माणसाला पूर्ण ठेवायचं नाही आणि पूर्ण सोडायचंही नाही, अशी ही पद्धत. ती कुणी शोधली त्याला एकदा गवतावर आडवं झोपवून वरून मशीन फिरवावं असं मला वाटतं.

मशीन म्हणजे लॉन कापायचं मशीन, अमेरिकन. कंपनीने एक्क्याण्णवमध्ये घेतलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते बंद पडलं. दोरी ओढून ओढून माझा खांदा सुजला, पण ते दोन ठिणग्या खाऊन गप्प बसायचं. आणि पाच डिसेंबरला कंपनीचे चेअरमन येणार होते, लॉनवर चहा घ्यायला.

गेस्टहाउसचा कारभार विनायक साहेबांकडे. आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "हे बघ जीवन, दहा तारखेला तुझी ऑर्डर संपते. लॉन कापलेलं असलं तर पुढची काढतो. नसलं, तर फाइलवर 'हलगर्जीपणामुळे मशीन नादुरुस्त' असा शेरा मारावा लागेल. मला ते आवडणार नाही हं."

शेरा बसला की दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही.

"पार्ट मागवावे लागतील साहेब," मी म्हणालो.

"मागव ना. इंजिनाचा नंबर लिही आणि मागव. तेवढं इंग्रजी येतं ना तुम्हा लोकांना?"

मी बारावी शास्त्र आहे. पण उलट बोलायचं नाही. डब्याबरोबर तेही बांधून मिळायचं.

नंबर शोधायला बसलो. खालच्या पत्र्यावर एक नंबर होता, पण तो चाकांवरच्या सांगाड्याचा. बांधणारी कंपनी वेगळी आणि इंजिनवाली वेगळी, हे मला वाचून ठाऊक होतं. इंजिनाचा नंबर वरच्या कव्हरवर ठोकलेला असतो. तिथे बोट ठेवलं तर हाताला खपली लागली. हळद, कुंकू, ऑइल, धूळ, दरवर्षीच्या खंडेनवमीचा एकावर एक थर. महिनाभरापूर्वी मीही त्याच खपलीवर टिळा लावून नमस्कार केला होता. घासलेट घेऊन चिंधीने तासभर पुसलं. आधी लाल पाणी सुटलं, मग काळं, आणि मग आकडे वर आले. तीन ओळी होत्या, मॉडेल, टाइप, कोड. कोडची सुरुवात नव्वदने.

पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या एसटीडी बूथमधून मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर फोन लावला. तिथल्या दुकानात काउंटरवर गुरुदत्त म्हणून माणूस होता. मी तिन्ही ओळी वाचल्या.

"शाब्बास!" तो म्हणाला. "नाहीतर लोक फोन करतात, म्हणे हिरव्या रंगाचं मशीन आहे, पार्ट द्या. नव्वदचं इंजिन तुमचं. कार्ब्युरेटरचा फ्लोट आणि सुई पाठवतो. बसवा, चहा पाजा."

आठ दिवसांनी पार्सल आलं. कार्ब्युरेटर खोलला आणि माझं डोकंच चालेना. फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा डबा. माझ्या कार्ब्युरेटरला तो तरंगायला जागाच नव्हती. तो थेट पेट्रोलच्या टाकीवर बसलेला, आणि आत एक पातळ पडदा, जुन्या पापडासारखा कडक झालेला.

साहेब व्हरांड्यातून बघत होते. "नंबर चुकला वाटतं वाचायला," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

पुन्हा बूथवर. गुरुदत्त चिडलाच. "अहो, नंबर बरोबर असेल तर पार्ट बसायलाच पाहिजे. एक काम करा. कव्हर काढा, त्याखालचं इंजिनाचं जड चाक काढा. चाकाखाली पॉइंट दिसतो का, बघून सांगा."

कव्हर काढलं. चारपैकी तीन बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे होते, चकचकीत. चाक काढायला माझा अर्धा दिवस आणि एक नख गेलं. खाली पॉइंट होता, ठिणगी पाडणारी छोटी जीभ, जळून काळी झालेली.

फोनवर हे सांगितल्यावर गुरुदत्तने तिन्ही ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाला, "भाऊ, या कंपनीने पॉइंट द्यायचं ब्याऐंशीलाच बंद केलं. नव्वदच्या इंजिनात पॉइंट येईलच कसा? कव्हर एकाचं आहे आणि पोट दुसऱ्याचं. टोपी बदललीय कुणीतरी."

मी बूथच्या काचेत माझं तोंड बघत उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "झालं का? का लग्न जमवताय?"

माझ्या आधी त्या लॉनवर गणूदादा होता, चिरनेरचा. मार्चअखेर निवृत्त झालेला. रविवारी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात कोयता पाजळत बसला होता. सगळं ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला तो नंबराचा नव्हताच.

"टिलं किती हायेत?"

"टिळा? एकच. कव्हरवर. जाड थर आहे."

"न् पोटावर?"

"कसल्या पोटावर?"

"आरं, ऑइल घालतो त्या बुचाशेजारी. मी सा दसरे दोन टिलं लावलेत. एक डोक्यावर, एक पोटावर. नुसती टोपी पुजून काय व्हतंय? राबतंय ते पोट. पोटावर टिला नाय?"

"नाही. एक थेंब नाही."

"मंग तुजी मशीन ती नाय, जीवन्या. डोकं तेवढं आमचं हाय." त्याने कोयत्याची धार अंगठ्यावर बघितली. "मी गेल्याव कोनी भायेर काढली व्हती?"

माझ्याच डोक्यावर फटका बसला. दसऱ्याला मी टिळा लावला तो जुनी खपली बघून, फक्त कव्हरवर. कुंकवाचा थर बघितला आणि धरून चाललो की हे आपलंच जुनं मशीन. पोट बघायचं मला सुचलं नाही.

सोमवारी गेटचं रजिस्टर उघडलं. मे महिना. 'लॉन मशीन, दुरुस्तीसाठी बाहेर, आदेश विनायक साहेब.' अकरा दिवसांनी 'परत.' नव्वदचं इंजिन बाहेर गेलं आणि त्याची टोपी तेवढी परत आली होती.

मी ऑफिसात गेलो. गणूचं नाव घेतलं नाही. म्हणालो, "साहेब, कव्हरवरचा नंबर या इंजिनाचा नाही. जुन्या इंजिनाचा पडदा आणि पॉइंट मागवायला हवा. मागणीवर तसं लिहितो."

ते पहिल्यांदाच पंख्याकडून माझ्याकडे वळले. "मागणीवर स्टोअरच्या रजिस्टरमधला नंबर लिहायचा."

"मग तेच पार्ट येतील. बसणार नाहीत."

"नाही बसणार तर नाही बसणार."

"आणि मशीन?"

"मशीन तुझ्या ताब्यात आहे जीवन." त्यांनी खण उघडून एक कागद टेबलावर सरकवला. जूनमधला, पहिल्या दिवसाचा. 'गवत कापण्याचे यंत्र, नंबर अमुक, चालू स्थितीत मिळाले.' खाली माझी सही. त्या दिवशी मी अकरा कागदांवर सह्या केल्या होत्या, साबणापासून छत्रीपर्यंत. "उद्या कुणी विचारलं की इंजिन कुठे गेलं, तर कुणाला विचारतील? रजिस्टरमधला नंबर लिहिलास तर मशीन नादुरुस्त. दुसरा लिहिलास तर मशीन चोरीला. काय लिहायचं ते तूच ठरव. शिकलेला आहेस."

मी बाहेर येऊन लॉनवर बसलो. गवत घोट्याच्या वर आलं होतं. खरा नंबर लिहिला तर चोर, खोटा लिहिला तर हलगर्जी. दोन्हीकडून दाखला जाणार होता, आणि डबा उघडला तर आत बोंबलाची चटणी आणि आयचं तेच वाक्य.

मागणीचं पुस्तक माझ्याकडेच असायचं. प्रत्येक मागणीची तीन पानं, मध्ये कार्बन. पांढरं ऑफिसला, गुलाबी स्टोअरला, पिवळं पुस्तकातच. पानांना छापील अनुक्रम, आणि वर्षअखेर पुस्तक मुख्य ऑफिसला जमा होतं. एक पान कमी भरलं तर साहेबांनाच जाब द्यावा लागतो. मी पेन एवढं दाबून लिहिलं की पिवळ्या पानाला मागून फोड आले. लिहिलं ते मराठीत. 'यंत्र मे महिन्यात दुरुस्तीस बाहेर गेले, तेव्हा मी नोकरीत नव्हतो. सध्याचे इंजिन पॉइंटचे, जुन्या बनावटीचे. कव्हरवरील क्रमांक या इंजिनाचा नाही. पडदा व पॉइंट एकेक नग मिळावा.' खाली सही आणि तारीख.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. पांढरं आणि गुलाबी पान फाडलं, चुरगाळलं. पिवळ्यापाशी हात आला तेव्हा कोपऱ्यातला अनुक्रम दिसला, आणि हात तिथेच राहिला.

"घमेंड आलीय तुला," ते हळूच म्हणाले.

"नाही साहेब. पडदा पाहिजे."

बाहेर चेअरमनच्या चहासाठी खुर्च्या धुवायला काढल्या होत्या. त्यांनी त्या खुर्च्यांकडे बघितलं. गवत जेवढं माझ्या गळ्याशी आलं होतं, तेवढंच त्यांच्याही. दुसरी मागणी त्यांनी स्वतः लिहिली, फक्त 'पडदा एक, पॉइंट एक'. कुठलाच नंबर नाही. पुस्तक मात्र त्यांनी आपल्या खणात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. वर्षअखेर ते जमा करायचं होतं. त्यांनी 'हरवले' असं कळवून नवीन घेतलं, हे मला नंतर समजलं.

नागदेवीला मी एसटीने स्वतः गेलो. गुरुदत्तने माझा जुना पडदा उजेडात धरला, भोकावर भोक ठेवून तीन पडदे बाजूला सारले, चौथा जुळला तो दिला, आणि एक पॉइंट. तीन तारखेला मशीन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. पाच तारखेला चेअरमननी लॉनवर चहा घेतला आणि गवत छान आहे म्हणाले, विनायक साहेबांना.

दहा तारखेला ऑर्डर मिळाली. तीन महिन्यांची. मार्चमध्ये पुन्हा तीन, मग पुन्हा. माझ्याबरोबर लागलेले दोघे कायम झाले. मी एकदा विचारलं तर साहेब म्हणाले, "तू असाच बरा आहेस. डोळ्यांसमोर." मला काढलं तर मी कुठे जाऊन काय बोलेन, याची त्यांना भीती. कायम केलं तर मी गप्प बसणार नाही, याची भीती. मी सोडून जावं तर घरातला एकुलता दाखला संपलेला. जूनचा तो कागद त्यांच्या खणात, माझ्या सहीसकट.

अठ्ठ्याण्णवची खंडेनवमी आली. मशीन धुतलं, पुसलं, झेंडूची माळ घातली. विनायक साहेब दरवर्षीसारखे नारळ फोडायला आले, मागे सगळा स्टाफ. मी बोट कुंकवात बुडवलं, खाली वाकलो आणि ऑइलच्या बुचाशेजारी, पोटावर, टिळा लावला. कव्हर कोरंच ठेवलं. घासून काढलेले आकडे त्यावर लख्ख दिसत होते.

"वर नाही लावलास?" साहेबांनी विचारलं. सगळे ऐकत होते.

आयचं वाक्य माझ्या कानात होतं. तरी बोललो, आणि बोललो ते आमच्याच भाषेत.

"ती टोपी दुसऱ्या मशीनची हाय, सायेब. ती मशीन परत आली का मंग लावीन."

साहेबांनी नारळ दगडावर आपटला. तो पहिल्या फटक्याला फुटला नाही.