काचेवरचं कुंकू

खंडेनवमीपासून आमच्या शहरावरचं धुरकं लाल झालं आहे आणि ते रोज थोडं खाली उतरतं आहे. आता ते पहिल्या मजल्याच्या गॅलऱ्यांना टेकलं आहे. वरच्या मजल्यांवरची माणसं पार्किंगमध्ये गाद्या घालून राहतात.

मी हवा तपासणाऱ्या केंद्रात काम करते. गच्चीवर एक लेझर आहे. त्याचा हिरवा किरण आभाळात सोडायचा. धुरक्यावर आपटून जो उजेड परत येतो, त्यावरून थर किती उंचीवर आहे ते कळतं. किरण ज्या काचेतून बाहेर पडतो ती रोज पुसायची, हे माझं काम. तुळशीला पाणी घालायचं, तोंडातून शब्द न काढता केंद्रात यायचं, काच पुसायची आणि मगच बोलायचं, असा माझा नेम आहे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा केली. घरी ह्यांना ऑक्सिजनच्या नळीतूनसुद्धा श्वास पुरत नव्हता. माझं लक्ष तिकडेच. लेझरला कुंकू लावताना बोट काचेवर टेकलं, तिथे टिकली उठली आणि मनात आलं, देवा, ह्यांना श्वास दे. आलेखावर लाल थर उमटला. खिडकीतून पाहिलं, तर तो आभाळातही होता. संध्याकाळी घरी गेले तेव्हा हे उशीशिवाय बसले होते.

थर उतरतो तसे हे बरे होतात. नळी सुटली. मग जिना चढले. आता आरती एका दमात म्हणतात, शेवटचा सूर लांबवतात.

बाकी कोणाला दम पुरत नाही; थराखालीही जितकं उंच, तितकी हवा कमी. भाजीवाले ओरडत नाहीत, नुसता फ्लॉवर उंच धरतात. देवळातला शंख कोणी फुंकत नाही. शेजारच्या बर्वेकाकू बुटक्या. परवा त्या तुकड्या-तुकड्यांनी म्हणाल्या, माझ्या उंचीपायी तीन स्थळं परत गेली, आता बघ, शेवटपर्यंत मीच उभी राहणार. हसायलाही श्वास लागतो, म्हणून त्यांनी नुसता हात हलवला.

आमचे डॉ. उपासनी उंच आहेत. ते ऑफिसात रांगत येतात. त्यांना आकडे पटेनात. टेबलाखालून त्यांनी विचारलं, "वैजयंताताई, काच पुसता ना?"

"रोज पुसते, साहेब."

पुसत होतेच. टिकली सोडून, सभोवार. सवाष्णीनं आपल्या हातानं कुंकू पुसायचं नसतं.

"तुम्ही पुसली म्हणजे पुसलीच," असं म्हणून त्यांनी डोकं फरशीला टेकवलं. त्यांनी वर जाऊन पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आज सकाळी पार्किंगमधून निघाले, तर बर्वेकाकू पाठीवर पडल्या होत्या. त्यांनी माझा पदर धरला. सकाळपासून साठवलेला श्वास त्यांनी एकदम खर्च केला.

"तुझे यजमान बरे आहेत ना?"

माझा नेम होता. मी मान हलवली. त्यांनी समाधानानं डोळे मिटले आणि पदर सोडला.

केंद्राचा जिना लाल धुरक्यातून जातो. मला ते वाट देतं. गच्ची थराच्या वर आहे; तिथे ऊन आहे, हवा स्वच्छ आहे, आणि तिथे कोणी नाही. किरण आता आभाळात जात नाही. काचेतून निघतो, कठड्यावरून वाकतो आणि खाली शहरात उतरतो.

मी पदराचं टोक भिजवलं. काचेजवळ गेले. टिकली हलत होती, वर येत होती, खाली जात होती. ती लय मला ठाऊक आहे. इतकी वर्षं रोज ह्यांच्या उशाशी बसून मी ती ऐकली आहे.

जिन्यात पावलं वाजली. दमदार, न थांबता.

"अगं, डबा विसरलीस," खालून ह्यांचा आवाज आला. केवढा मोठा आवाज. "मीच घेऊन आलो."

मी ओला पदर बोटाला गुंडाळला आणि टिकलीवर ठेवला. ती कोमट होती. एकदा वर आली, माझ्या बोटाला टेकली आणि खाली गेलीच नाही.

पावलं शेवटच्या पायरीवर थांबली.