शेवटच्या ओळीतला 'असावा'

"हनुवटीची पट्टी जरा सैल बांधा, गुडी लँगली," एलिफलेट पर्किस दारातून म्हणाला. "तिला आवळलेलं काही सोसायचं नाही."

"मला शिकवू नका. या गावातली निम्मी माणसं शेवटची मीच न्हाऊ घातलीत. तुम्ही जा, तुमची पिंपं बघा."

तो गेला नाही. चौकटीला टेकून आपल्या बायकोकडे बघत राहिला. डॉर्कस तिच्याच मेजावर आडवी होती. पहाटे गाईची धार काढायला उठली आणि चुलीपाशीच बसली ती बसलीच. तिचे केस मी विंचरले, हात छातीवर ठेवले. सुताने चिरलेली बोटं होती तिची, काही केल्या सरळ होईनात.

"कविता झाली?" मी विचारलं.

"तीन ओळी झाल्यात."

"आणि चौथी?"

तो चौकटीवरची ढलपी नखाने काढू लागला. तो अडकलेला मला हवाच होता, खोटं कशाला बोलू.

एलिफलेट आमच्या गावचा पिंपवाला. खारवलेल्या कॉड माशाची सगळी पिंपं त्याच्या हातची. आणि गावात कुणी मेलं की चार ओळींची कविताही त्याच्याच हातची. फळ्यांवर लोखंडी कडं ठोकता ठोकता तो ओळी जुळवायचा. ठोक्याचा ताल बदलला की आम्ही बायका म्हणायचो, चला, पिंपवाल्याला यमक सापडलं. मग तो कागद तिरडीवरच्या काळ्या कापडाला टाचणीने लावायचा, कबरीपाशी सगळ्यांना वाचून दाखवायचा आणि माणसाबरोबरच मातीत सोडायचा. आमच्यात कबरीवर प्रार्थना म्हणत नाहीत, ती पोपच्या लोकांची थेरं. म्हणून जे काही ऐकायला मिळायचं ते या चार ओळींत. त्यातही लोकांचे कान असायचे चौथीकडे.

चौथी ओळ ठरलेली. मेलेल्याने सभेत उभं राहून साक्ष दिलेली असली, देवाची कृपा आपल्या जिवाला कशी शिवली ते सगळ्यांसमोर सांगून तो मंडळीत आलेला असला, तर आत्मा प्रभूच्या दारी 'आहे'. नसली, तर 'असावा'. एका शब्दाचा फरक. पण त्या शब्दावरून घरातली माणसं जन्मभर एकतर निवांत झोपायची, नाहीतर तळमळायची.

माझ्या नवऱ्याला, जोबला, त्याने 'असावा' लिहिलं होतं.

माझा जोब मासेमार. वादळात होडी हाकेल, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा. "मेहिटाबेल, देवाला माहीत आहे ते सभेतल्या डीकनला कशाला सांगायचं?" म्हणायचा. साक्ष न देताच तापाने गेला. कबरीपाशी एलिफलेटने खणखणीत आवाजात 'असावा' वाचलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तेव्हापासून मी त्याच्याकडून पिंप सोडा, साधी बादली घेतली नाही. बायकोशी मात्र माझं गूळपीठ. तिच्यावर राग धरणं कुणालाच जमलं नसतं.

आणि आता गंमत बघा. डॉर्कसनेही साक्ष दिली नव्हती. एकदा उभी राहिली होती. सगळी सभा तिच्याकडे बघतेय, वडील मंडळी पुढे बसलीत, हिचे ओठ हलताहेत आणि आवाज नाही. मग खाली बसली, ती पुन्हा कधी उठली नाही. प्रभुभोजनाची भाकर फिरायची वेळ झाली की मंडळीबाहेरच्यांबरोबर निमूट उठायची. नवरा आत, मी आत, ती आणि जोब बाहेर घोड्यांपाशी. "आमचं तिथे छान चालतं गं," एकदा मला म्हणाली होती. "जोब मला माशांच्या गोष्टी सांगतो."

गुडी प्रॅट मक्याची भाकरी घेऊन आली; आमच्यात लग्नाच्या बाईला गुडी म्हणतात, बाप्याला गुडमन. भाकरी निमित्ताला, डोळे सगळीकडे. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "दुसऱ्यांना तोलून देतो मेला. आता बघू स्वतःच्या बायकोला काय लिहितो ते! ज्याचं जळतं त्याला कळतं."

"भाकरी ठेव आणि जा," मी म्हणाले. पण मीही तेच बघायला टपले होते.

दुपारी पाद्री मिस्टर ट्रस्क आले. तरुण माणूस, मनाने मऊ. एलिफलेटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुडमन पर्किस, तुम्ही कशात अडकलात ते मला ठाऊक आहे. डॉर्कस कशी होती ते सगळ्या गावाने पाहिलंय. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसायचं? पोरकी लेकरं कुणी वाढवली? प्रेमाने चांगली आशा धरायला धर्म आड येत नाही. 'आहे' लिहा. कुणी बोललंच तर मी बघून घेईन."

"ती तिथे आहे हे तुम्हाला कळलं का, मिस्टर ट्रस्क?"

"मला कसं कळणार?"

"मग मला कसं कळणार?"

"अहो, पण इतका कठोरपणा..."

"ह्या बाईंना विचारा." एलिफलेटने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्या नवऱ्याला मी काय लिहिलं होतं? तो चांगला नव्हता? भर थंडीत पाण्यात उतरून दोघांना ओढून आणलं होतं त्याने. त्याला एक न्याय आणि माझ्या बायकोला दुसरा?"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. इतक्या वर्षांत जोबचं हे कौतुक त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते.

"मग आता तरी म्हणा, तेव्हा चूक झाली म्हणून," मी बोलले.

"नाही झाली, गुडी. तेव्हा माहीत नव्हतं, आज माहीत नाही. माहीत नसलेलं लिहिलं तर खोटं होतं."

असा माणूस! मी तोंड उघडणार होते, खरमरीत काहीतरी ऐकवणार होते. पण तो मेजापाशी आला आणि डॉर्कसच्या बोटांवर त्याने आपला पंजा ठेवला.

"एका अंथरुणावर निजलो आम्ही," तो म्हणाला. "घरात मी विचारायला हवं होतं, की डॉर्कस, मला एकट्याला सांग, तुझ्या जिवात काय आहे. नाही विचारलं. भीती वाटायची. ती म्हणाली असती, काहीच नाही, तर मी काय केलं असतं?"

मिस्टर ट्रस्क खिडकीतून बाहेर बघू लागले. एलिफलेट रडत नव्हता. आमच्यातले पुरुष रडत नाहीत. नुसता ती बोटं सरळ करत बसला होता, मला न झालेली. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसाने माझ्या जोबला जे माप लावलं तेच स्वतःच्या काळजाला लावलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिला उचललं. ढोल संथ वाजत होता, शेतात मक्याची धाटं उभी होती, वारा समुद्राकडून. डॉर्कसच्या म्हाताऱ्या आईला, बॅथशुआला, मी हाताला धरून चालवत होते. तिची नजर पार गेलेली. वाटेत तिने मला तीनदा विचारलं, "कागद लावलाय ना गं कापडाला?"

"लावलाय, आई."

"जावयाने काय लिहिलंय?"

"कळेल तिथे."

तिरडी खाली ठेवली. एलिफलेट पुढे झाला, टाचणी काढली, कागद धरला. सगळं गाव पुढे सरकलं. गुडी प्रॅटची मान तर हातभर लांब झालेली. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा उघडलं, नाहीच. थेट डॉर्कस उभी राहिली होती सभेत, तसा.

"वाचा ना कुणीतरी," बॅथशुआ म्हणाली. "माझी लेक कुठे गेली ते मला सांगा."

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. आम्हा मुलींना बायबलापुरतं वाचायला शिकवतात, लिहायला नाही, लेखणी पुरुषांची. त्यामुळे मला एक अक्षर खोडता येत नाही की घालता येत नाही. वाचता मात्र येतं. मी वाचू लागले:

"थोडे बोलणारी, फार करणारी,
परक्या लेकरांना घास भरवणारी.
देह हा मातीत आम्ही ठेवला;"

चौथी ओळ त्याच्या नेहमीच्या ठसठशीत अक्षरात होती. 'असावा विसावला.' शाई कुठे फिसकटली नव्हती. म्हातारीने माझा दंड घट्ट धरला होता. मंडळीतला माणूस खोटं बोलला तर प्रभुवारी, रविवारच्या सभेत, सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यावी लागते, नाहीतर भाकर बंद. हे मला काय ठाऊक नव्हतं?

"आत्मा प्रभूच्या दारी आहे विसावला," मी वाचलं.

ओळीची चाल किंचित लंगडली. कवितेचा कान असलेल्या एकाच माणसाला ते कळणार होतं, आणि तो माझ्यासमोर उभा होता. मिस्टर ट्रस्क माझ्या खांद्यामागेच होते, कागद त्यांना दिसत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आहे म्हणाली ना?" बॅथशुआने विचारलं.

"आहे, आई."

एलिफलेट एक पाऊल पुढे आला. मला वाटलं, आता हा कागद हिसकावणार. सगळ्या गावासमोर म्हणणार, बाई खोटं वाचतेय. तो तसाच माणूस होता, आणि तसं म्हणाला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. त्याने डोक्यावरची टोपी काढली. वाऱ्याने पांढरे केस विस्कटले.

"गुडी लँगली," तो म्हणाला. आवाज फुटत नव्हता, तरी शब्द कळले. "शेवटची ओळ पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचली, 'आहे'सकट.