पान नऊवरची चूक

बापूराव खळदकरांनी आयुष्यात एकच वही कुणाला वाचायला दिली होती, आणि ती बाळ आगाशेला दिली होती.

बापूरावांची चाळीस वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिण्यात गेली. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडे. बाळचं नेमकं उलट. ज्येष्ठ नागरिक संघाचा तो चिटणीस. मंडईत वांगी निवडतानाही तो भाषण करी आणि लोक थांबून ऐकत. दोघांची मैत्री शाळेपासूनची.

खराडीतल्या एका कंपनीने वापरून झालेले आठ संगणक संघाला दिले. त्यांवर लिनक्स होतं: फुकट मिळणारी, कुणीही उघडून आतली घडण पाहावी अशी प्रणाली. संघातलं कुणी त्यांना हात लावेना. बापूराव मात्र दुपारी खोली रिकामी असताना जाऊन बसू लागले, आणि जे कळेल ते आपल्यासारख्याच बिचकणाऱ्या माणसासाठी वहीत लिहू लागले. टर्मिनल नावाची काळी खिडकी कशी उघडायची. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तरी घाबरायचं नाही, तो आत जात असतो. पान नऊवर सॉफ्टवेअर ताजी कशी करायची ते होतं. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ एवढं लिहा, एंटर दाबा. ओळी पळतील, ‘डन’ असं येईल. मग खुशाल चहा प्यायला जा. तुम्ही परत याल तेव्हा संगणक तुमच्याहून ताजातवाना झालेला असेल.

"खरं सांग हं," वही देताना ते बाळला म्हणाले. "कुणाला उपयोग होईल का?"

आठवड्याने बाळ म्हणाला, "बापू, राग मानू नकोस. प्रयत्न चांगला आहे, पण छापण्यासारखं नाही रे. लोक हसतील."

बापूरावांना राग आला नाही. त्यांनाही मनातून तसंच वाटत होतं.

महिन्याभराने त्यांना स्वतःची चूक सापडली. ग्रंथालयात पुस्तक आधी येई, मग त्याचं कार्ड यादीत लागे. यादी नवी झाली म्हणजे पुस्तकं कपाटात आली, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. इथे यादी आधी येत होती. ‘अपडेट’ने नुसती नव्या मालाची यादी मिळे, माल आणायला ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ ही दुसरी आज्ञा द्यावी लागे. किती सॉफ्टवेअर बदलायची राहिली आहेत हे संगणक दर वेळी शेवटच्या ओळीत सांगत होता, आणि बापूराव ‘डन’ वाचून उठत होते.

ते वही मागायला गेले. "थोडी दुरुस्ती करायची आहे."

"ती होय? सूनबाईंनी बहुतेक रद्दीत घातली रे. एवढं काय होतं तिच्यात?"

"नाही, तसं काही नाही," बापूराव म्हणाले. घरी त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

"दुसरी लिहा की," त्यांची पत्नी हेमा म्हणाली. "वही गेली, डोकं जागेवर आहे ना?"

पण ज्याला लोक हसणार ते दुसऱ्यांदा लिहायला त्यांचा हात उचलेना.

दिवाळीनंतर संघात एका पुस्तिकेचं प्रकाशन ठरलं. दारातच प्रत हातात मिळाली. ‘आजोबा, लिनक्स उघडा!’ लेखक, बाळ आगाशे. बापूराव पहिल्या रांगेत बसून पानं उलटू लागले. काळी खिडकी. आत जाणारा पासवर्ड. पान नऊ. चहा.

हेमाने त्यांच्या खांद्यावरून वाचलं. "अहो, हे तर तुमचं!"

"हळू बोल."

"हळू का? चोरी त्यांनी केली आणि दबकताय तुम्ही?"

बापूरावांनी पुस्तिका मिटली.  रद्दीत गेली म्हणाला होता. डोळ्यांत बघून म्हणाला होता.

व्यासपीठावर बाळने संगणक मोठ्या पडद्याला जोडून आज्ञा दिली. ओळी पळाल्या. "डन! झालं काम! आता चहा," तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेतून विमलाबाई उठल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. "आगाशे, मुद्रितं तपासायला दिलीत तेव्हापासून मी रोज याच संगणकावर हेच करतेय. खाली बघा, दोनशे चौदा बाकी म्हणतोय. काल दोनशे नऊ होती. चहा नक्की किती प्यायचा?"

सभागृह हसलं. बाळने चष्मा सारखा केला. "ते... यंत्र जुनं आहे. देणगीतलं."

"माझ्या नातीचा नवा आहे. त्यावरही तेच."

बाळने पहिल्या रांगेकडे पाहिलं. "बापू, सांग ना जरा यांना."

गप्प बसलं असतं तर बाळची पुरती शोभा झाली असती. बापूरावांना तसं वाटूनही गेलं. पण मागे बसलेली साठ म्हातारी माणसं ते पान हातात घेऊन घरी निघाली होती. ते उठले. घसा कोरडाच होता.

"यंत्राचा दोष नाही. चूक माझी आहे. पान नऊ लिहिताना मला अपग्रेडचं ठाऊक नव्हतं."

"तुम्ही लिहिताना?" विमलाबाईंनी विचारलं.

 बापूरावांनी व्यासपीठावर जाऊन दुसरी आज्ञा लिहिली. ‘पुढे जायचं का’ असं संगणकाने विचारलं, त्यांनी ‘वाय’ दाबलं. दोनशे चौदा सॉफ्टवेअर एकेक करून उतरू लागली. लोक पुस्तिकेत पेनने दुरुस्ती करू लागले.

सभा उठल्यावर बाळ जवळ आला. "चारचौघांत असं करायचं होतंस? नाव हवं होतं तर मागायचंस. मी नाही म्हटलं असतं का?"

"माझी वही दे, बाळ."

 बाळने खांद्यावरची शबनम पिशवी उघडून खाकी कव्हरची वही काढून दिली.

घरी जाताना रिक्षात बापूरावांनी पान नऊ उघडलं. चहाच्या वाक्याखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. समासात बाळच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, ‘वा बापू! सुंदर!’

हेमाने विचारलं, "काय लिहिलंय?"

बापूरावांना वाचून दाखवता आलं नाही.