माझं झाकण डोंगरावर गेलं आहे

मी एक जुना थर्मास आहे. म्हणजे, जेवढा उरलो आहे तेवढा. कन्नड मुलखात, चामराजपेटेतल्या एका मराठी घरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळींच्या डब्यांमागे मी उभा असतो. मित्रांनो, माझी गोष्ट अखंड सांगता येणार नाही. माझ्यात जे अखंड होतं ते फुटलं. म्हणून तुकड्यातुकड्यांनी सांगतो. तुम्ही जुळवून घ्या.

पत्रा

हिरवा, त्यावर पिवळी फुलं. आता फुलं कमी आणि पोचे जास्त. खांद्याजवळचा पोचा शिवगंगेच्या डोंगरावरचा. बुडाजवळचा सावनदुर्गाचा. कमरेवरचा खोल पोचा माकळीदुर्गाचा, त्याच्याकडे नंतर येतो. घाई करू नका, मी थकलो आहे.

संध्या आणि चंद्रकांत यांच्या लग्नात मी आहेरात आलो. पुढे कितीतरी वर्षं काचेच्या कपाटात नुसता शोभेला होतो. पाहुणे म्हणायचे, "छान आहे हो," आणि घरातले मला पुन्हा आत ठेवायचे. चहा म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं.

मग पन्नाशीच्या अलीकडे चंद्रकांतला डोंगरांचं वेड लागलं. टेलिफोनच्या कारखान्यात तो दिवसभर मान खाली घालून बारीक तारा जोडायचा. "आठवडाभर तारा बघून डोळे जवळच अडकतात," तो म्हणायचा. "रविवारी जरा लांबचं बघायला पाहिजे." संध्या त्याच्याबरोबर निघाली ती त्याच्यावर लक्ष ठेवायला म्हणून. आणि त्याच्याहून चांगलं चढायला लागली.

काच

ती आता नाही. पण खरं तर मी म्हणजे तीच. दोन भिंती, एकीच्या आत दुसरी. कारखान्यात भिंतींना आतून चांदीसारखा मुलामा दिला, मधली हवा ओढून काढली आणि टोक वितळवून बंद केलं. दोन भिंतींच्या मध्ये काहीच नव्हतं. त्या काहीच नसण्यामुळे पहाटे भरलेला चहा डोंगराच्या माथ्यावरही वाफाळायचा.

माझं काम एवढंच. आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. दिसायला सोपं काम, पण दमवणारं. नुसतं धरून ठेवायचं.

बूच

चंद्रकांतचा एक नियम होता. शेवटचा माणूस वर पोचल्याशिवाय माझं बूच निघणार नाही. आणि पहिला चहा त्या शेवटच्याला, माझ्या झाकणात. बाकीच्यांनी स्टीलचे पेले घ्यायचे.

त्या काळात शेवटचा म्हणजे कृष्णमूर्ती. चंद्रकांतचा कारखान्यातला मित्र, पोट भलंमोठं, पिशवीत कायम कडबोळ्यांसारखी कुरकुरीत कोडबळी. तो येताना दिसायच्या आधी ऐकू यायचा.

"चंदू, डोंगर कुणी वाढवला रे मध्येच?"

"स्वल्प गप्प बसून चढ, अण्णा. चहा थांबलाय."

"थांबू दे की. त्याला काय ऑफिसला जायचंय?"

मग तो धापा टाकत यायचा, खडकावर बसायचा आणि सगळ्यांसमोर राजासारखा झाकण पुढे करायचा. मी सर्वांत पुढच्या माणसाच्या पिशवीतून आधीच वर पोचलेला असायचो. माथ्यावरच्या खडकावर उभा राहून त्याची वाट बघायचो. ते माझे कौतुकाचे दिवस.

पुढे शंतनु आणि आसावरी आले. पुण्याचं नवं जोडपं, दोघंही काँप्युटरच्या कंपनीत, येलहंक्याला भाड्याने राहायचे. रविवारच्या पॅसेंजरमध्ये मराठी बोलणं कानावर पडलं आणि ते आमच्या डब्यातच येऊन बसले, ते कायमचे. शंतनु हरणासारखा पळत चढायचा आणि वर जाऊन बुचाकडे बघत बसायचा.

"काका, एक घोट. फक्त एक."

"नाही. अण्णा यायचाय."

"हा नियम आहे की उपास?"

मग कृष्णमूर्ती नोकरीतून मोकळा झाला आणि मुलाकडे म्हैसूरला गेला. शेवटची जागा रिकामी झाली.

(इथला एक तुकडा सापडत नाही. कोणता डोंगर, कोणता महिना, आठवत नाही. एवढंच आठवतं, की त्या दिवशी चंद्रकांत म्हणाला, "थर्मास जड आहे. तुम्ही व्हा पुढे, मी आणतो." आणि त्याने मला स्वतःच्या पिशवीत घातलं.)

तेव्हापासून दर रविवारी पाठीवरच्या पिशवीत मी त्याच्या बरगड्यांना टेकलेला असायचो. त्यामुळे जे कुणाला कळलं नाही ते मला कळलं. त्याची छाती वाजत होती. दर वळणावर तो बूट बांधायच्या निमित्ताने वाकायचा आणि श्वास गोळा करायचा. बूट बांधलेलाच असायचा. वर पोचला, की सगळे ओरडायचे, "आला, चहा आला!" आणि तो हसायचा. लोक चहासाठी थांबले होते, त्याच्यासाठी नाही, असं त्याला मानता यायचं. नियम त्याचाच, पण शेवटच्याचं झाकण त्याने कधी ओठाला लावलं नाही. ते तो आसावरीला द्यायचा. "तू नवी आहेस," म्हणायचा. ती नवी राहिली नव्हती.

त्याला एकच भीती होती. कुणीतरी हळू आवाजात म्हणेल, काका, पुढच्या रविवारी तुम्ही घरीच आराम करा.

पुन्हा काच

माकळीदुर्ग. खाली रूळ, वर किल्ला, मध्ये उघडा तापलेला खडक. चंद्रकांतने दम घ्यायला पिशवी खांद्यावरून काढून बाजूला ठेवली. ती उतारावर होती. ती घसरली, आणि मी तिच्यातून सुटून आपटत गेलो.

आवाज फार मोठा नव्हता.

त्याने मला उचललं, कानाशी धरून हलवलं. आत तुकडे वाजले. बाहेरून एक पोचा सोडला तर मी तसाच होतो. तो खडकावर बसला आणि मला मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिला. वरून आसावरीच्या हाका येत होत्या. त्याने ओ दिली नाही.

शेवटी शंतनु उतरून आला.

"काका! लागलं का कुठे?"

"मला नाही. याला."

शंतनुने मला हलवलं. "अरेरे. चहा गेला."

"गेला. तुम्ही किल्ला बघून या, मी स्टेशनवर बसतो. आता थांबायचं कारण उरलं नाही."

शंतनु त्याच्याशेजारी खडकावर बसला. मग म्हणाला, "खरं सांगू? सुरुवातीला मी चहासाठीच थांबायचो. पण आता तसं नाही हो, काका. आणि काकू तर बूट काढून बसल्यात. शेवटचा आल्याशिवाय पायात घालणार नाही म्हणाल्या. तुम्ही खाली गेलात तर त्या अनवाणी बसून राहतील आणि आपली गाडी जाईल."

"बूट काढलेत?"

"मोजेसुद्धा."

चंद्रकांत उठला. या वेळी त्याने बूट बांधायचं नाटक केलं नाही. धाप लागली की सरळ उभा राहायचा, आणि शंतनुही त्याच्या शेजारी उभा राहायचा.

माथ्यावर संध्या खरंच पाय पसरून बसली होती. "झाकण आणा इकडे," ती म्हणाली. तिने ते पुसलं, बाटलीतलं पाणी ओतलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"संध्या, हे पाणी आहे."

"दिसतंय की मला. प्या."

"तुला ठाऊक होतं?"

"जड थर्मास उचलायची हौस तुम्हाला कधीपासून आली? घरी दळणाचा डबा तरी उचलता काय?"

आसावरी हसली, शंतनु हसला. चंद्रकांत हसला नाही. त्याने दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांसमोर पाणी प्यायला.

झाकण

तो त्याचा शेवटचा डोंगर. डॉक्टरांनी चढ बंद केला. शंतनुने बाजारात माझ्यासाठी नवी काच शोधली, पण माझ्या मापाची मिळेना. "राहू दे रे," चंद्रकांत म्हणाला, "त्याने पुष्कळ केलं." तेव्हापासून मी फळीवर आहे. आत काही नाही, आणि हे काहीच नसणं कशालाही ऊब देत नाही.

पण झाकण जातं. संध्या अजून चढते. तिच्याकडे आता स्टीलचा थर्मास आहे, त्याच्याबरोबर पिशवीत माझं झाकण असतं. शेवटच्यासाठी.

रविवारी संध्याकाळी चंद्रकांत चहाचं आधण ठेवतो आणि दाराकडे बघत बसतो. पाणी आटतं, तो पुन्हा घालतो. चहालाही काफीच म्हणणारी शेजारची बाई हाक मारते, "काका, काफी झाली काय?" तो म्हणतो, "अजून एक माणूस यायचाय."

परवा संध्या आली ती भिंतीला धरून. तिने झाकण ओट्यावर ठेवलं.

"आज शेवटचं कोण?" त्याने विचारलं.

"मीच की. गुडघा बोलायला लागलाय."

त्याने आधणात पत्ती टाकली. झाकण विसळलं, गाळणं धरलं आणि पहिला चहा त्यात ओतला.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, त्यांना जपा, असं मी शेवटी सांगायला हवं. तशी रीत आहे. पण मी थकलो आहे, एवढंच मागतो. वर पोचलात की लगेच बूच काढू नका. खाली वळून बघा. कुणीतरी तुमचाच चहा पाठीवर घेऊन चढत असेल.