सुभद्राबाईची ओळख

मी दर्यापूर तालुक्यातला पटवारी होतो, आणि चिडका होतो, हे आधीच सांगून टाकतो. लोक म्हणायचे, कमलाकांतबुवांच्या नाकावरच राग असतो. असतो तर असतो! पण एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी जे केलं ते रागानं नव्हे, शुद्ध आळसानं केलं.

त्या साली सांगवखेडची सुभद्रा पुरात वाहून गेली, असं तिच्या दिरानं, किसनरावनं, चावडीत सांगितलं. बाई विधवा, मूलबाळ नाही. प्रेत सापडलं नव्हतं, म्हणून त्यानं पळसाच्या पानांचा पुतळा करून रीतसर जाळला. तेराव्याला गाव जेवलं, मीही जेवलो. हात धुऊन तिथंच फेरफाराचं रजिस्टर उघडलं, तिच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आणि तिची चार एकर किसनरावच्या नावावर चढवली. चौकशी कसली करायची? गाव जेवलं, झाली चौकशी.

दोन वर्षांनी तीच बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"पटवारीबुवा, मले जितं करा."

खालच्या कुठल्या गावच्या लोकांनी तिला पाण्यातून काढलं होतं. मग अकोल्याचा दवाखाना, मग तिथंच जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचं काम. आता तिला आपलं शेत हवं होतं. मी तिला लगेच ओळखलं. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मोजणीत हिनंच मला चारचौघांत झापलं होतं. लाज वाटली हो, खरंच वाटली.

नायब तहसीलदारांनी तिचा अर्ज वाचला. "गावातले दोन पंच आणा. ही सुभद्रा आणि ही जिवंत, एवढं त्यांनी म्हणायचं."

एवढंच तर काम! भर दुपारी तिला घेऊन सांगवखेडला गेलो. कोतवाल सहदेव चावडीपुढे दोर वळत बसला होता.

"सहदेव, ही कोण?"

"कोन, बुवा?"

"ही! डोळे फुटले का तुझे?"

सहदेवनं ती उभी होती तिकडे पाहिलं. नजर तिच्यावर अडली नाही, पार पलीकडच्या भिंतीवर गेली. "तुमी एकलेच तं आले," तो म्हणाला आणि माझ्याकडे काळजीनं बघायला लागला.

विहिरीवर गेलो. सुभद्रा वाटेत उभी राहिली आणि एकेकीला नावानं हाका मारू लागली. बायका भरल्या घागरी घेऊन तिला वळसा घालून गेल्या, आपसात बोलत, हसत. एकीनंही मान वळवली नाही. वळसा मात्र प्रत्येकीनं घातला.

मग मी किसनरावच्या घरी भांडायलाच गेलो. वाटलं होतं, जमिनीसाठी सोंग करतोय. पण त्यानं हात जोडले, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "शेत कोनालेही द्या, बुवा. म्या माह्या हातानं वयनीचा पळस जाळला. पळस जळला त्या मानसाले गाव पाहत नाई. जो त्याले वळख देईन, तोही त्याच्याच संगं गेला, गावातूनही अन् घरातूनही. तिचं नाव घेऊ नका."

"भाऊजी, मी हावो ना!" सुभद्रा त्याच्या तोंडासमोर ओरडली. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

परतीच्या वाटेवर मी हळूच खाली पाहिलं.

"पाय पाहून राहिले का?" ती म्हणाली. "सरळेच हायेत." आणि रडायला लागली. "काहून असं करून राहिले हो सारे? मेली असती तं बरं होतं."

माझं डोकंच फिरलं. तहसीलीत जाऊन सांगितलं, पंच गेले खड्ड्यात, हिची ओळख मी देतो. साहेब म्हणाले, पटवारी स्वतः देत असेल तर चालेल. मी लिहिलं, 'हिला मी जातीनं ओळखतो, ही जिवंत आहे', आणि खाली सही ठोकली. चार एकर पुन्हा सुभद्राच्या नावावर झाली.

आठवड्यानं तो फेरफार चावडीत वाचून दाखवायला गेलो. सहदेवला रामराम केला. तो दोर वळत राहिला. मी मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं. बसलेली मंडळी कापसाच्या गाड्यांबद्दल बोलत होती. मी टेबलावर मूठ आपटली, शिव्या दिल्या. अरे, निदान उलटून शिवी तरी द्या! कोणीतरी उठलं, मला वळसा घातला आणि बाहेर जाऊन थुंकून आलं.

सुभद्रा तिच्या शेतात तण निंदत होती. मला बघून उभी राहिली. "नाई ना बोलले?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "बसा बुवा, पानी प्या," ती म्हणाली, "आता तुमच्यासंग मीच बोलीन." तिच्या आवाजात दया होती, आणि त्या दयेचाच मला राग आला.

पाणी न पिता निघालो. मोटारीत कंडक्टरनं पुढच्याला तिकीट दिलं, मागच्याला दिलं. माझा हात तसाच पुढे राहिला.

दर्यापुरात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. माझी बायको सरोजिनी दारात उभी होती. जीव भांड्यात पडला. मी फाटकातूनच हाक मारली. तिनं रस्त्याकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "अजून कसे आले नाहीत," असं स्वतःशीच म्हणाली आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.