चिंचेत बुडवलेली काडतुसं

सुरेशबुवांचं कीर्तन मी चुकवत नाही. शारजातल्या कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये सोफे भिंतीला सरकवून बुवा उभे राहिले, की माझे डोळे भरून येतात. नाम खरं आहे, मग ते कुणाच्याही तोंडून येवो. पण कामावरचे बुवा! ते पात्रच वेगळं.

दुबईबाहेरच्या एका शूटिंग क्लबात बुवा आमचे सुपरवायझर. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या आम्ही पुन्हा भरण्यासाठी साफ करतो. अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात मशीनवर तासन्‌तास घोळवायच्या, एवढंच. भरलेल्या प्रत्येक लॉटमधली पहिली गोळी रत्नागिरीचा कमरुद्दीन झाडून बघतो, बंदूक गालाला लावून.

त्या आठवड्यात मोठे पाहुणे यायचे होते. बुवांना नळ्या देवघरातल्या समईसारख्या लखलखायला हव्या होत्या. सुट्टीच्या आधी त्यांनी अख्खा लॉट चिंच-मिठाच्या पाण्यात बुडवला आणि खुशाल घरी गेले. सोमवारी नळ्या बाहेर आल्या त्या गुलाबी होऊन.

"बघा छायाताई, काय तेज आहे!"

आंबटानं पितळेतलं जस्त खाल्लं की मागे तांबूस, कमजोर धातू उरतो. बार झाला की नळी फुटू शकते. हे मला शिकवलं कुणी? याच बुवांनी, पहिल्याच आठवड्यात, वर दृष्टांत देऊन!

"बुवा, या फुटतील."

"निगेटिव्ह बोलू नका हो. बॉसला प्रॉमिस केलंय. यल्ला, चला, भरायला पाठवा."

कमरुद्दीन दारातच उभा होता. "आणि झाडायची मी?"

"श्रद्धा ठेव रे."

"श्रद्धा तुमची नि डोळा माझा? वा रे वा!"

मला राहवलं नाही. "बुवा, या वेळी पहिली गोळी तुम्हीच मारा. लॉट तुमचा, मानही तुमचा."

बुवांनी एक नळी उचलली, उजेडात फिरवली, हळूच खाली ठेवली.

"आज एकादशी. एकादशीला मी शस्त्राला हात लावत नाही."

"एकादशी गुरुवारी झाली. माझ्या डब्यातली खिचडी मागून खाल्लीत की!"

कमरुद्दीन हसलासुद्धा नाही. त्यानं ट्रे उचलला आणि भंगाराच्या पिंपात उपडा केला. "खलास."

बुवा पिंपाशी गेले, आत डोकावले. मग समाधानानं मान डोलावत म्हणाले, "मघापासून मी तुम्हाला दुसरं काय सांगत होतो?"