उशीच्या शेजारची चटई

मित्रांनो, या घरात हल्ली जिचे कौतुक चालते, ती मी नव्हे. ती समोरची गुबगुबीत उशी. मी तिच्याजवळ पडलेली एक जुनी चटई आहे. तरीही माझेच ऐका, कारण उशीला सांगण्यासारखे आयुष्यच नाही.

माझा जन्म सामोआतल्या याच समुद्रकाठच्या गावात झाला. या घरच्या मालकिणीने, तेलेसियाने, केवड्याची काटेरी पाने सोलली, उन्हात वाळवली आणि मला स्वतः विणले. गावातल्या बायका विणायला जमल्या की ती मलाच काखोटीला मारून निघे आणि माझ्यावर ताठ मांडी घालून बसे. लग्नकार्यात मिरवणाऱ्या कितीतरी तलम चटया तिने माझ्यावर बसून विणल्या. पाहुणे माझी वीण निरखत, तेव्हा मी फुलून जाई.

मग तिचा डावा पाय सुजू लागला. डासांनी दिलेला हत्तीरोग. नर्स वाइओलाने औषध दिले आणि समजावले, की पायात साचलेले पाणी आपोआप वर चढत नाही, त्याला रोज हलवावे लागते. पाय साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, घोटा हळूहळू फिरवायचा, थोडे चालायचे आणि बसताना पाय उशीवर उंच ठेवायचा. झाले! सावरीचा कापूस भरलेली ही बया घरात आली. आयत्या बिळावर नागोबा. तेलेसिया तिला ऊन दाखवी, थोपटी. मला साधे झटकायलाही कुणी नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एक समाधान होते. पाहुणे आले की उशी पडद्याआड जाई. थोरामोठ्यांसमोर पाय पसरणे म्हणजे त्यांचा अपमान. पसरायचेच झाले, तर पायांवर चटई ओढून घ्यायची, पण ती सवलत म्हाताऱ्यांची. तेलेसिया जेमतेम चाळिशीची. पायावर चटई दिसली की लोक कुजबुजतील, म्हणून ती पुन्हा माझ्यावर मांडी घाले. मी मनातल्या मनात उशीला वेडावत असे.

एकदा तेलेसियाच्या पुतणीच्या लग्नाची चटई विणायला बायका जमल्या. गावप्रमुखाची म्हातारी बायको फुआतिनो समोर बसली होती, म्हणून तेलेसियाने दिवसभर मांडी मोडली नाही. घरी आली ती तापाने फणफणतच. पाय लालबुंद झालेला, हात लावू देईना. वाइओलाने औषध दिले, ताप उतरेपर्यंत व्यायाम बंद केला आणि बजावले, की असे वारंवार झाले तर पाय कायमचा जड होईल. बरी झाल्यावर तेलेसियाने विणायला जाणेच सोडले. मला गुंडाळून कोपऱ्यात उभे केले. उशी मात्र तिच्याजवळच. सांगा, कसे सोसायचे?

शेवटी फुआतिनो स्वतःच बायकांना घेऊन घरी आली. तेलेसियाने घाईघाईने उशी लपवली आणि मांडी घालू लागली.

"कशाला सोंग करतेस?" म्हातारी म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे तुझा पाय."

"तुमच्यासमोर पाय पसरू? लोक काय म्हणतील?"

"लोक काय, मेल्यावरही बोलतात. तुझ्यासारखी कड वळता येते का या बायांना? विणतात कमी, उसवतात जास्त." बायका हसल्या. "काढ ती उशी, पोरी."

तेलेसियाने उशी काढली आणि डोळे पुसत तिच्यावर पाय ठेवला. फुआतिनोने कोपऱ्यातून मला ओढले, चांगले झटकले आणि स्वतःच्या हातांनी त्या पायावर पांघरले.

"आता आत खुशाल घोटा फिरव," ती म्हणाली आणि अर्धी विणलेली चटई तिच्यापुढे सरकवली.

तेव्हापासून बायका इथेच जमतात. विणता विणता माझ्याखाली तेलेसियाचा घोटा सावकाश फिरत असतो. मध्येच ती उठून किनाऱ्यापर्यंत चालून येते. मित्रांनो, मोठ्यांचा मान जरूर राखा, पण त्यापायी आजारी शरीराला शिक्षा करू नका. त्यालाही धुणे-पुसणे, विसावा आणि थोडी हालचाल हवी असते. आणि लाजेने कुणी पाय दुमडून बसले असेल, तर आपण होऊन त्याच्यावर चटई घाला.

उशीचा हेवा गेला का म्हणता? मुळीच नाही. पाय अजून तीच उचलून धरते. पण पाहुणे आले की त्यांना फक्त मी दिसते.